चूल कोणी निवडायची?



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला बोलावले तेव्हा कामगार कायद्यांवर काही ऐकायला मिळेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला : 'घरातल्या चुलीची निवड'. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला, "भाऊ, विषय लिहिताना काही गफलत तर झाली नाही ना?" गफलत झालेली नाही. तीस वर्षे आम्ही या जिल्ह्यात विडी कामगार, ऊसतोड कामगार, हॉटेलातले कामगार यांच्यात वावरत आलो. यंत्राच्या पट्ट्यावर जाळी आहे की नाही, भट्टीपाशी वारा खेळतो की नाही, हे मालकाला दरडावून विचारीत आलो. पण आमच्या सभासदांत निम्म्याहून अधिक बायका. त्यांच्या घरात एक भट्टी रोज दोन वेळा पेटते, आणि तिची तपासणी करायला आजवर एकही निरीक्षक आलेला नाही. आमचेही लक्ष पुष्कळ वर्षे तिकडे गेले नाही. आज बोलायचे ते त्या भट्टीविषयी.

आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काही ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर आणि वाचनालयात झाले. तेव्हा शास्त्राच्या बाबतीत आमचे कोठे चुकले तर समोर बसलेल्या प्राध्यापक मंडळींनी सभा संपल्यावर कान धरावा. चुकीचे बोलून टाळ्या घेण्यापेक्षा ते बरे.

आता कोणी म्हणेल, हा गृहस्थ कोणत्या काळात राहतो? घरोघर गॅस आला, चूल राहिली कोठे? गॅस आला हे खरे आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशात बलिया येथे सुरू झाली आणि तिची आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या शेजारी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दिली गेली. काम मोठे झाले. आमचे सरकारशी कितीही भांडण असले तरी हे मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. पण जोडणी मिळणे वेगळे आणि गॅस जळणे वेगळे. २०२३-२४ साली उज्ज्वलाच्या घराला वर्षाकाठी सरासरी चार टाक्याही पुऱ्या लागल्या नाहीत, असा सरकारचाच हिशेब आहे. १४.२ किलोची एक, अशा चार टाक्या धरल्या तरी साऱ्या वर्षाचा गॅस ५७ किलो, म्हणजे दिवसाला दीडशे ग्रॅमच्या आसपास. पाच-सहा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक आणि आंघोळीचे पाणी एवढ्यात होत नाही, हे येथे बसलेली कोणतीही बाई सांगेल. उरलेले कशावर होते? लाकडावर, तुराट्यांवर, पऱ्हाट्यांवर आणि गोवऱ्यांवर. टाकी घराच्या कोपऱ्यात फडक्याने पुसून ठेवलेली असते; पाहुणे आले की चहापुरती पेटते.

आमचे मत विचाराल तर, ज्याला गॅस किंवा विजेची शेगडी परवडते त्याने स्वयंपाकघरात चूल ठेवूच नये. त्यात वाद नाही. परंतु ज्या घरात चूल या ना त्या कारणाने राहणारच आहे, त्या घराने कोणती चूल घ्यावी, हा प्रश्न राहतो. आणि तो हलका समजण्याजोगा नाही.

आमच्या आईची गोष्ट सांगतो. ती पाथर्डी तालुक्यातली. दुष्काळात वडील नगरला आले आणि आई विड्या वळू लागली. घर म्हणजे पत्र्याची एक खोली. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात विडीचे सूप. पहाटे चूल, मग सूप, मग चूल, मग सूप. असे तिने छत्तीस वर्षे केले. साठीच्या आत तिला दम लागू लागला. ओट्यावरून खोलीत येताना ती चौकट धरून उभी राही. दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि विचारले, "आजी, विडी किती वर्षं ओढताय?" आई हसली. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, वळल्यात लाखांनी. ओठाला एकबी लावली नाही." डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. आमचाही, खरे सांगायचे तर, क्षणभर बसला नाही. आईवर संशय घेतला याचे आम्हांला अजून वाईट वाटते.

पुढे वाचताना कळले की डॉक्टरमंडळींनाही ही गोष्ट फार उशिरा उमगली. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या वर्षांत गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या श्वासाबरोबर किती धूर आत जातो, हे मोजले. तोवर हवेचे प्रदूषण म्हटले की गिरणीची चिमणी आणि मोटारी एवढेच शहाण्या माणसांना दिसत असे. २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात मांडले की, कधीही धूम्रपान न केलेल्या माणसांना दम्यासारखा जो फुप्फुसाचा जुनाट रोग होतो, त्याचे जगातले बहुधा सर्वांत मोठे कारण चुलीचा धूर हेच असावे. जगात धूम्रपान करणारे शंभर कोटी, तर चुलीच्या धुरात राहणारे तीनशे कोटी, असा त्यांचा अंदाज होता. घरातल्या धुराने जगात २०२० साली ३२ लाख माणसे गेली, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या आईच्या मरणाच्या दाखल्यावर मात्र 'वार्धक्य' असे लिहिले आहे.

आता आमच्या चुकीकडे येऊ. ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा अधिकार आम्हांला नाही.

बिनधुराची चूल ही काही कालची कल्पना नव्हे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ च्या सुमारास 'मगन चूल' तयार झाली. हैदराबादचे इंजिनिअर एस. पी. राजू यांनी १९५३ साली कोट्यवधींच्या स्वयंपाकघरांतला धूर कसा घालवावा यावर पुस्तकच लिहिले. पुढे १९८३ पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला आणि कागदोपत्री सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्या. त्यांतल्या चाळीस आमच्या. १९९८ साली आम्ही विडी कामगारांच्या एका वस्तीत त्या बसवून घेतल्या. दोन भांड्यांच्या, मातीच्या, सिमेंटच्या नळीचे धुराडे असलेल्या. आईचा दमा डोळ्यांपुढे होता, त्यामुळे आमचा उत्साह दांडगा. वस्तीची सभा घेतली, माहिती दिली, हात वर करून ठराव एकमताने संमत झाला. नारळ फुटला, वर्तमानपत्रात फोटो आला.

वर्षाने आम्ही घरोघर फिरलो. चाळीसांपैकी सात घरांच्या नळीतून धूर निघत होता. बाकीच्यांत कोणी चुलीचे तोंड हातोडीने फोडून मोठे केले होते, कोणी नळी काढून तेथे पत्रा ठोकला होता, कोणी अख्खी चूल बाहेर टाकून पुन्हा तीन दगड मांडले होते. आम्ही एका मावशींना जरा चढ्या आवाजातच विचारले, "मावशी, एवढी चांगली चूल, मोडलीत कशाला?" त्या तेलुगू बोलणाऱ्या, पण इतकी वर्षे नगरात राहून मराठी अस्सल नगरी. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुझ्या चुलीच्या तोंडात भाकर उभी राहत नाही. तव्यावरची भाकर आरापुढं कुठं लावू, तूच सांग. अन् नळीतली काजळी कोण काढील? नवरा चढंना, मी लुगडं नेसून पत्र्यावर चढू?" आम्ही म्हणालो, "मग सभेत का बोलला नाहीत?" मावशी म्हणाल्या, "सभेत मी नव्हते. सभेत आमचे मालक होते. मी घरी विड्या वळत होते."

अध्यक्ष महाराज, सभासद बायका, आणि सभेला त्यांचे नवरे! आम्ही हजेरीच्या वहीत पाहिले. चाळीस सह्यांत बायकांच्या चार. मालकाने कामगाराला न विचारता नवे यंत्र आणले तर आम्ही संपाची नोटीस देतो. येथे न विचारणारे आम्हीच होतो. चुली बसविणाऱ्या कंत्राटदारानेही नळ्या आखूड घालून हात मारला होता; पण नळ्या पुऱ्या उंचीच्या असत्या तरी भाकरीचा प्रश्न सुटला नसताच.

बऱ्याच वर्षांनी ओरिसातल्या एका पाहणीविषयी वाचले. रेमा हॅना, एस्तेर दुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी तेथे सुमारे २६०० घरांत बसविलेल्या सुधारित चुलींचा चार वर्षे पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढे तो फरक मावळला. डागडुजी झाली नाही, वापर तुटक राहिला. हे वाचून आम्हांला थोडा धीर आला, आणि त्याची थोडी लाजही वाटली.

आता चुलीचे शास्त्र, आम्हांला समजले तेवढे. धूर म्हणजे न जळालेले जळण. लाकूड तापले की त्यातून वायू निघतात. त्यांना भरपूर हवा आणि भरपूर उष्णता मिळाली तर त्यांचा जाळ होतो, न मिळाली तर त्यांचा धूर होतो. म्हणजे धुराने डोळे चुरचुरतात तेव्हा तुमचे सरपणच छपरातून बाहेर चाललेले असते. हिशेब पाहा. वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे ४००० किलोकॅलरी उष्णता असते. एक लिटर पाणी उकळायला पंचाहत्तर लागतात. सगळी उष्णता भांड्याला मिळाली तर किलोभर लाकडावर पन्नास लिटर पाणी उकळेल. आपल्या साध्या चुलीत शंभरांतला दहावा वाटा भांड्याला लागतो. पाचच लिटर उकळते. बाकीचे नव्वद टक्के भिंतीला, हवेला आणि बाईच्या तोंडाला.

लाकूड ओले असेल तर विचारूच नका. पाणी उकळायला जेवढी उष्णता लागते तिच्या सातपट त्याची वाफ करायला लागते. आणि ओल्या लाकडातले सगळे पाणी आधी वाफ होऊन गेल्याखेरीज लाकूड नीट पेटत नाही. म्हणून पहिली सुधारणा चुलीत नाही, सरपणाच्या माचीवर आहे. पावसाळ्याआधी वेडी बाभूळ तोडून, बारीक फोडून, छपराखाली सहा महिने ठेवली तर जुनीच चूल निम्मा धूर टाकून देते, असा आमचा अनुभव. पण सहा महिन्यांचे सरपण साठवायला जागा लागते. दहा बाय दहाच्या खोलीत ती कोठून आणायची? तेव्हा हा सल्ला ज्याला अंगण आहे त्याच्यापुरता.

येथल्या जुन्या वाड्यांतल्या मंडळींना एक गोष्ट आठवत असेल. न्हाणीघरात तांब्याचा बंब असे. मधोमध नळी, नळीत जाळ, भोवती पाणी, खाली जाळी आणि राखेची जागा. जाळाला हवा खालून, उष्णता पाण्याला चारी बाजूंनी, धूर वरच्या वर. उत्तम चुलीचे सगळे नियम त्या बंबात पाळलेले आहेत. आमच्या मनात नेहमी येते की, ज्या घराने आंघोळीच्या पाण्यासाठी एवढी अक्कल खर्च केली, त्या घराला पलीकडच्या स्वयंपाकघरात फुंकणी घेऊन डोळे पुसणारी बाई का दिसली नाही? बंब पुरुषांना दिसत होता, कारण तो रोज सकाळी पुरुषांनाच लागत होता, एवढेच आम्हांला उत्तर सापडले.

आता बाजारात जा. चुलींचे प्रकार पुष्कळ आहेत. सगळ्यांत स्वस्त म्हणजे आहे त्याच चुलीत ठेवायची लोखंडी जाळी. लाकूड जमिनीपासून चार बोटे उचलले जाते आणि खालून हवा मिळते. बाकी चूल तीच, भाकरी तशीच. राजस्थानात उदयपूरकडे 'मेवाड अंगिठी' म्हणून अशी जाळी निघाली आहे; आपल्याकडे कोणताही लोहार सळया जोडून करून देईल. धूर संपत नाही, कमी होतो. पण या जाळीत एक मोठा गुण आहे : ती बाईच्या कामात ढवळाढवळ करीत नाही. आम्ही कोणालाही पहिल्यांदा हीच सुचवितो. पन्नास-शंभर रुपयांचा प्रश्न. नाही आवडली तर काढून ठेवा.

दुसरी, लोखंडी फिरती चूल. आत उष्णता धरून ठेवणारे अस्तर आणि जाळ उभा चढावा अशी अरुंद पोकळी. लाकूड कमी लागते. तिसरी, पंख्याची. छोटा पंखा आत हवा सोडतो. जाळ निळसर, धूर जवळजवळ दिसत नाही. भारतीय मानक ब्यूरोने २०१३ साली फिरत्या चुलींचे मानक ठरविले. त्याप्रमाणे बिनपंख्याच्या चुलीने किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीने किमान ३५ टक्के उष्णता भांड्याला दिली पाहिजे. विकत घेताना तो शिक्का जरूर पाहावा. पण एक ध्यानात असू द्या : या परीक्षा भांड्यातले पाणी तापवून होतात. प्रयोगशाळेत भाकरी भाजत नाहीत.

आणि पंख्याच्या चुलीला बोटभर लांबीच्या, कोरड्या ढलप्याच लागतात. त्या करायच्या कोणी? दिवसभर हजार विड्या वळून उठलेली बाई कुऱ्हाड घेऊन अर्धा तास ढलप्या करीत बसणार? दुकानदार हे काम किमतीत धरीत नाही. आम्ही धरतो, कारण कोणतेही यंत्र आले की, त्याच्यामुळे कोणाचे काम कमी झाले आणि कोणाचे वाढले, हे पाहण्याची आमची जुनी सवय. त्यातून पंखा बिघडला तर दुरुस्त करणारा तालुक्याच्या गावी आहे का, हेही विचारावे. आणखी एक इशारा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधनातून 'ऊर्जा' नावाची एक पंख्याची शेगडी निघाली होती. महाराष्ट्रात व शेजारच्या राज्यांत ती लाखांनी खपली. चूल चांगली होती. पण ती शेतमालाच्या भुशाच्या दाबीव कांड्यांवरच चाले. कांड्यांचा भाव चढला आणि घरोघरच्या शेगड्या अडगळीत गेल्या. जिचे जळण एकाच दुकानात मिळते ती चूल घेताना दहा वेळा विचार करावा.

कोळशाविषयी बोलायचे तर आपल्या जिल्ह्याला जवळचा विषय पाचटाचा. ऊस तुटला की एकरी काही टन पाचट शेतातच पेटवून देतात. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने त्या पाचटाचा कोळसा करून कांड्या पाडण्याची रीत बसविली. तिला २००२ साली इंग्लंडचे ॲश्डेन पारितोषिक मिळाले. त्याच संस्थेच्या 'सराई' कुकरमध्ये शंभर ग्रॅम कांडीकोळशावर चौघा-पाचजणांचे वरण, भात, भाजी वाफेवर शिजते. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे आणि कौतुकाने सांगतो. पण कोळशाला धूर नाही म्हणून तो निर्धोक समजू नका. जळत्या कोळशातून बिनवासाचा, न दिसणारा विषारी वायू निघतो. थंडीत दारे-खिडक्या लावून, उशाशी कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबे सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात कोठून ना कोठून येतात. शेगडी दाराबाहेर पेटवावी आणि झोपायच्या खोलीत नेऊच नये.

राहिली धुराड्याची, मातीची, बसवून घ्यायची चूल. जाळ ओढून घेण्याची तिची ताकद धुराड्याच्या उंचीत असते. नळी छपराच्या चांगली वर गेली पाहिजे, नाहीतर वारा धूर पुन्हा घरात लोटतो. वर टोपी हवी. काजळी साफ करण्यासाठी खालच्या बाजूला, उभ्या माणसाच्या हाताला येईल असे झाकण हवे, म्हणजे पत्र्यावर चढावे लागत नाही. ही शेवटची गोष्ट आम्हांला त्या मावशींनी शिकविली. कोणत्याही माहितीपत्रकात आम्ही ती आधी वाचली नव्हती.

ऊसतोड्यांच्या कोपीचा विचार अगदी वेगळा. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची माणसे दिवाळीनंतर बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये संसार घालून निघतात ती वैशाखात परततात. त्यांना बसवलेली चूल काय कामाची? कोपी पाचटाची, ठिणगी उडाली तर सगळी वस्ती पेटते, म्हणून चूल बाहेरच. तेथे हलकी, उघड्यावर वाऱ्यात न विझणारी, गाडीच्या खटक्यांनी न फुटणारी लोखंडी चूलच पाहिजे. पहाटे तीनला उठून अंधारात भाकरी थापून कोयता घेऊन जाणाऱ्या बाईची दहा मिनिटे जी चूल वाचवील ती तिला चांगली. ती दहा मिनिटे म्हणजे दहा मिनिटांची झोप.

येथे जरा आडवळणाने जाऊ द्या. नगर-पुणे रस्त्याने गेलात तर दर मैलाला पाटी दिसते : 'चुलीवरचे मटण', 'चुलीवरची भाकरी'. शहरची मंडळी मोटारी थांबवून जेवतात, फोटो काढतात. आम्हीही जेवलो आहोत. चव नाकारण्यात अर्थ नाही. पण मागच्या बाजूला जाऊन पाहा. एक बाई सकाळी अकरापासून रात्री अकरापर्यंत चुलीपुढे बसलेली असते. घरी दोन वेळा जो धूर खायचा तो येथे बारा तास. तेथे धुराडे का नाही, म्हणून एका मालकाला आम्ही विचारले. तो म्हणाला, "साहेब, धूर दिसला नाही तर गिऱ्हाईक थांबत नाही." आता यावर काय बोलावे? तुम्ही गिऱ्हाईक आहात. पुढच्या खेपेला जेवण झाल्यावर मागे एक चक्कर टाका आणि मालकाला चिमणीविषयी विचारा. आमच्या दहा निवेदनांपेक्षा तुमच्या एका प्रश्नाला तो अधिक भितो.

दुसऱ्यांदा आम्ही हा विषय हाती घेतला तो २०२२ च्या हिवाळ्यात. या खेपेला ठराव केला नाही. युनियनच्या कचेरीच्या ओट्यावर चार चुली मांडल्या : जाळी घातलेली जुनी, लोखंडी, पंख्याची आणि धुराड्याची मातीची. बारा बायकांना बोलाविले आणि सांगितले, आपले पीठ आणा, आपला तवा आणा, आपलेच सरपण आणा, आणि आपली एका दिवसाची मजुरी युनियनकडून घेऊन जा. मजुरीवरून आमच्या कार्यकारिणीत बरीच वादावादी झाली. "स्वतःच्या घरची चूल बघायला मजुरी कशाला?" असे आमचेच एक जुने सहकारी म्हणाले. आम्ही म्हणालो, अभियंता यंत्र तपासायला येतो तो फुकट येतो का?

त्या दिवशी जे शिकलो ते पुस्तकांत नव्हते. पंख्याच्या चुलीवर चहा सगळ्यांत आधी झाला, सगळ्यांनी वाहवा केली. पण बाजरीची भाकरी मध्ये करपली आणि कडांना कच्ची राहिली, कारण जाळ एकाच जागी लागतो. लोखंडी चूल भाताला उत्तम, परंतु मोठ्या परातीएवढा तवा ठेवला की डुगडुगते. एकीने लगेच तीन विटा मागवून ती कडेने पक्की केली. मातीच्या चुलीचे तोंड त्यांनी स्वतः ओल्या मातीतच कापून चार बोटे रुंद करून घेतले, पुढे आर ओढायला उथळ जागा केली आणि तेथे भाकरी उभी लावून पाहिली. भाकरी फुगली. त्या मावशी, १९९८ च्या, आता काठी टेकीत आल्या होत्या. त्यांनी भाकरी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "आता हिला चूल म्हणायची."

मग चारही चुली घरोघर आठवडाभर फिरल्या. शेवटी काय झाले? एकमत झाले नाही. पाच जणींनी मातीची घेतली. तिघींनी फक्त जाळी. दोघींनी लोखंडी, दोघींचीही घरे भाड्याची, आणि घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही. एकीने सांगितले, मला काहीच नको, तेवढ्या पैशांत दोन टाक्या भरून द्या. आम्हांला ते पूर्ण पटले. आणि एक जण काहीच न बोलता गेली, तिच्या घरी सासूने नको म्हटले होते. वर्षाने पाहिले तेव्हा मातीच्या पाचांपैकी चार चालू होत्या; पाचवीचे घर रस्तारुंदीत गेले. एक मोळी पूर्वी जेथे चार दिवस पुरे तेथे सहा दिवस जाते, असे एकीने सांगितले. दुसरीने सांगितले की मुलगा आता चुलीपाशी बसून अभ्यास करतो. पूर्वी तो डोळे चोळीत बाहेर पळे. आकडे आमच्यापाशी एवढेच. यावरून मोठे सिद्धांत काढायला आम्ही धजत नाही.

तुमच्यापैकी कोणी शेतावर घर बांधीत असेल, कोणाच्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईकडे अजून चूल असेल, कोणी आपल्या गावच्या पंचायतीत शब्द टाकू शकत असेल. वेळ संपत आल्याची घंटा झालेली आहे. चिटणिसांच्या परवानगीने सभागृहाबाहेर उजव्या हाताच्या ओट्यावर त्यांतल्या तीन चुली आणून ठेवल्या आहेत, आणि त्या बारांपैकी चौघी जणी पीठ मळून बसल्या आहेत. प्रश्न त्यांना विचारा. आमच्याहून नीट उत्तरे त्या देतील. भाकरी गरम आहे तोवर जा. आणि धुराड्याच्या चुलीपाशी ज्या काठी टेकून बसल्या आहेत, त्यांच्याशी जरा मोठ्याने बोला, त्यांना अलीकडे ऐकू कमी येते.